एल्साचे माहेर

केनियाच्या उत्तर सरहद्दीकडील रुक्ष, काटेरी मुलखात १ फेब्रुवारी १९५६ रोजी, बोरान जमातीतील एका माणसाचा बळी घेणाऱ्या नरभक्षक सिंहाचा माग काढीत निघालेल्या जॉर्ज ॲडमसन या सरकारी अंमलदारावर एक सिंहीण खडकाआडून अकस्मात चालून आली, आणि स्वतःचा जीव वाचविण्यापलीकडे अन्य विचार करण्यास अवधीच नसल्यामुळे तिला गोळी घालणे त्यास भाग पडले. ती पडल्यावर तिचे आचळ दुधाने तटतटलेले दिसले आणि तिच्या क्रोधाचा उलगडा झाला. जवळच्याच एका कपारीत हात घालून ओढून काढलेले तीन छावे, तिन्ही माद्या, इतके कोवळे होते की त्यांच्या डोळ्यांवरचा निळसर पडदा अद्याप पुरता विरला नव्हता. ज्या हातांनी आई मारली त्याच हातांनी त्या लेकी घरी नेल्या. पुढे जगभर गाजलेल्या एका स्नेहाचा आरंभ असा अपराधाच्या जाणिवेतून झाला, हे विसरून त्याची कथा सांगणे बरोबर होणार नाही.

या अंमलदाराविषयी आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही ते हे की, त्याचा जन्म हिंदुस्थानात, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील इटावा या गावी, १९०६ साली झाला. १९२४ साली तो बापाच्या कॉफीच्या मळ्यावर काम करण्यासाठी केनियात आला; मळ्यात त्याचे मन रमले नाही, आणि सोने शोधणे, शेळ्यांचा व्यापार करणे, हौशी शिकाऱ्यांना वाट दाखविणे असे नाना उद्योग करून १९३८ साली तो तेथील वन्यपशू खात्यात नोकरीस लागला. उत्तर सरहद्द जिल्हा म्हणजे सुमारे एक लाख चौरस मैलांचा, पाणी थोडे आणि वस्ती विरळ असा प्रदेश. चोरट्या शिकारीस आळा घालणे आणि गुरांवर किंवा माणसांवर उलटलेल्या श्वापदांचा बंदोबस्त करणे हे त्याचे काम, आणि इसिओलो हे त्याचे ठाणे. १९४४ साली त्याने जिच्याशी विवाह केला ती जॉय ही ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ट्रोपाऊ गावी १९१० साली जन्मलेली चित्रकर्ती होती. केनियातील फुलझाडांची आणि तेथील जमातींतील स्त्रीपुरुषांची तिने काढलेली शेकडो चित्रे आज त्या देशाचा ठेवा समजली जातात. स्वभावाने दोघे अगदी भिन्न. तो मितभाषी, पाइप ओढीत तासन्‌तास गप्प बसणारा. ती उत्कट, हट्टी, आणि एखादी गोष्ट मनाने घेतली की तिच्यापायी इतरांची झोप उडविणारी. सिंहाच्या छाव्यांना वाढविण्यास यांपैकी कोणता स्वभाव अधिक उपयोगी पडतो, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. बहुधा दोन्ही लागतात.

पहिले दोन दिवस छाव्यांनी दुधाला तोंड लावले नाही. तंबूत दुधाची बाटली नव्हती, बूच नव्हते. तेव्हा रेडिओच्या यंत्राची रबरी नळी काढून, स्वच्छ धुऊन, तिचेच स्तनाग्र करण्यात आले, आणि बिनसाखरेचे डब्यातील दूध, ग्लुकोज, माशाच्या यकृताचे तेल, हाडांची भुकटी व मीठ यांचे मिश्रण त्या नळीवाटे पाजण्यास आरंभ झाला. एकदा चव कळल्यावर मात्र दर दोन तासांनी दूध ऊन करण्यावाचून घरात दुसरे काम उरले नाही. नूरू नावाच्या बागेतल्या नोकराची बदली छाव्यांच्या दिमतीस झाली. जॉयकडे हायरॅक्स जातीचा एक प्राणी अनेक वर्षांपासून पाळलेला होता. हा दिसण्यात आखूड कानांच्या सशासारखा, खडकांत राहणारा आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने हत्तीचा दूरचा नातलग. पाटी नावाच्या या मादीने प्रथम थोडा मत्सर दाखवून पुढे तिन्ही छाव्यांच्या दाईची जागा आपण होऊन पत्करली. तिच्याहून दुप्पट-तिप्पट मोठे झाल्यावरही छावे तिचा मान राखीत असत, हे वाचताना हसू येते. पण ज्या जातीत वडीलधाऱ्या माद्यांचे ऐकूनच लहानांना जगावे लागते त्या जातीच्या पिलांस हे शिकवावे लागत नाही, हेही त्यात दिसते.

छावे वाढले तसा प्रश्न उभा राहिला. वाढत्या वयाच्या तीन सिंहिणी एका सरकारी बंगल्यात ठेवणे अशक्य होते. तेव्हा थोरल्या दोघींची रवानगी विमानाने हॉलंडातील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात झाली, आणि सर्वांत लहान व अशक्त, पण धिटाईने सर्वांत पुढे असलेली तिसरी मागे राहिली. तिचे नाव एल्सा. जॉयच्या पहिल्या पतीच्या आईचे नाव या कन्येस मिळाले. सासूची आठवण सिंहिणीच्या नावाने राखणारी सून विरळाच म्हणावी लागेल.

येथून पुढच्या दोन वर्षांची हकीकत चित्रासारखी डोळ्यांपुढे उभी राहते. एल्सा माणसांच्या खाटेवर झोपे, उन्हाच्या कडाक्यात झाडाखाली जॉयच्या शेजारी पडून तिचा अंगठा चोखीत राही, गाढवांच्या तांड्याबरोबर रुडॉल्फ सरोवरापर्यंत पायी प्रवास करी, आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर लाटांत पोहून ओला नारळ तोंडात धरून आणी. झुडपाआड दबा धरून माणसावर झेप घालणे हा तिचा आवडता खेळ होता. परंतु झेप घालताना ती नख्या आत ओढून घेई. हा बारकावा मला सर्व कथेची किल्ली वाटतो. सिंहाच्या पंज्यातील नख्या उघडणे वा मिटणे हे त्याच्या इच्छेवर असते, आणि छावे आपसांत खेळताना हा संयम एकमेकांच्या कातडीवर शिकतात. एल्साने तो माणसाच्या कातडीवर शिकून घेतला होता. तिची जीभ मात्र मिटवता येण्यासारखी नव्हती. हाडावरचे मांस खरवडून काढणाऱ्या त्या काटेरी जिभेने तिने प्रेमाने हात चाटला की कातडी सोलवटून निघे.

आता या प्रेमास प्रेम म्हणावे काय, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकास पडेल. कोन्राड लोरेन्त्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसांच्या पिलांवरील निरीक्षणातून असे दाखविले होते की, अंड्यातून बाहेर येताच जी हलणारी वस्तू प्रथम दिसेल तिलाच आई मानून पिले तिच्यामागे चालू लागतात; आणि ही छाप पुसणे पुढे जवळजवळ अशक्य होते. या शोधाचा समावेश असलेल्या कार्यासाठी त्यास १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कित्येकांनी एल्साचेही स्पष्टीकरण याच न्यायाने करून टाकले. परंतु मार्जारकुळातील प्राण्यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांची पिले आंधळी व असहाय जन्मतात, आणि कोणास आपले म्हणावयाचे हे एका क्षणात न ठरता काही आठवड्यांच्या सहवासात ठरत जाते. घरच्या मांजरीच्या पिलांत हा काळ साधारणतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा मानतात. या काळात माणसाचा हात लागलेले मांजर जन्मभर माणसाळलेले राहते, आणि तरीही वयात आल्यावर ते बोक्याचीच वाट पाहते, माणसाची नव्हे. एल्साचेही असेच झाले. माझ्या समजुतीप्रमाणे आरंभीचे महिने तिला सख्ख्या बहिणींचा सहवास लाभला, हे यास साहाय्यभूत झाले असावे.

दुसरे कारण सिंहाच्या जातीतच आहे. मार्जारकुळातील वाघ, बिबट्या, हे स्वभावाने एकाकी. आई आणि पिले यांचे नाते तुटले की त्यांस सोयरसुतक उरत नाही. सिंह तेवढा कुटुंबवत्सल. जॉर्ज शालर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६६ पासून सुमारे तीन वर्षे टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानांत राहून जे निरीक्षण केले, आणि त्याच्यामागून इतरांनी जे चालविले, त्यावरून सिंहांच्या कळपाची घडण आता पुष्कळशी उलगडली आहे. कळपाचा कणा म्हणजे माद्या. आजी, आई, मावश्या, लेकी अशा परस्परांच्या रक्ताच्या. एकाच सुमारास व्यालेल्या माद्या आपली पिले एकत्र वाढवितात, आणि दुधाला आलेली कोणतीही मादी दुसरीच्या पिलास अंगावर घेते. बाहेरून आलेले नर दोन-चार वर्षे सत्ता गाजवून पदच्युत होतात. कळपात जन्मलेले मुलगे वयात येताच हाकलले जातात. लेकी मात्र बहुधा जन्माच्या कळपातच आयुष्य काढतात. आपल्या समाजात लेक सासरी जाते आणि मुलगा घर राखतो. सिंहांत मुलगा देशोधडीला लागतो आणि लेक माहेरीच नांदते. एकमेकांपासून दुरावून पुन्हा भेटल्यावर डोक्यावर डोके घासणे, गालाला गाल लावणे, हा या कुटुंबाचा नमस्कार होय. एल्सा जॉयच्या गुडघ्यांवर सारे अंग झोकून जे डोके घासी ते हेच. त्यात पाळीव कुत्र्याची स्वामिभक्ती शोधणारे चुकतात. कुत्रा माणसास मालक मानतो. एल्सा माणसांस कळप मानीत होती, आणि कळपात मालक नसतो.

येथे कोल्हापूरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. छत्रपतींच्या शिकारखान्यात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते बाळगले जात, आणि देशातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जात. त्यांची निगा राखणारे चित्तेवान चित्त्याच्या सहवासात दिवसरात्र घालवीत, त्याच्या डोळ्यांवर टोपडे चढवीत, त्यास बैलगाडीतून शिवारात नेऊन सावज दिसताच टोपडे काढीत. या कलेतील मर्म असे की चित्ता पकडावयाचा तो वयात आलेला, आईपाशी शिकार शिकून तयार झालेला. कारण माणसाच्या हाती वाढलेल्या बच्च्यास सावज कसे धरावे हेच कळत नाही. त्यास माणसाळविणे काही महिन्यांचे काम. त्यास शिकारी बनविणे माणसाच्या आटोक्यातले नाही, असा चित्तेवानांचा अनुभव. ॲडमसन दांपत्यास नेमके हे दुसरे, आटोक्याबाहेरचे काम अंगावर घ्यावे लागले.

कारण एल्सा दोन वर्षांची होत आली तेव्हा पुढे दोनच वाटा उरल्या: बहिणींप्रमाणे तिलाही गजांआड पाठविणे, किंवा हाताने वाढविलेल्या सिंहिणीस रानात परत सोडणे. दुसरा मार्ग तोपर्यंत कोणी यशस्वीपणे चालून दाखविला नव्हता. प्रथम तिला नैर्ऋत्येकडील मारा भागात नेण्यात आले. तेथील हवा थंड व पावसाळी, आणि ही रखरखीत मुलखात वाढलेली. ती आजारी पडून खंगली आणि तो प्रयोग फसला. मग तिच्या जन्मभूमीच्या हवेशी जुळणारी, मेरू भागातील ऊरा नदीकाठची जागा निवडण्यात आली. पद्धत सोपी आणि निर्दय होती. जॉर्जने एखादे जनावर मारून तिच्यापुढे टाकावे, तिला ते फोडू द्यावे, आणि दोघांनी तेथून चार दिवस नाहीसे व्हावे. परत येऊन पाहावे तो एल्सा उपाशी, मुक्कामाच्या जागेपाशी वाट पाहत बसलेली. पुन्हा तोच क्रम. जिला दर दोन तासांनी ऊन दूध पाजले तिला जाणूनबुजून उपाशी ठेवून निघून जाण्यात जॉयचे काय झाले असेल, ते तिने आपल्या पुस्तकात लपविलेले नाही. पालकत्वाची ही बाजू छायाचित्रांत येत नाही. परंतु या सर्व प्रकरणातील खरी कसोटी मला हीच वाटते. छाव्यास दूध पाजण्यास कोणीही कोमल हृदयाचा मनुष्य तयार होईल. त्यास आपल्यावाचून राहावयास लावणे, आणि तेही त्याचा जीव धोक्यात घालून, याला निराळ्या घडणीचे काळीज लागते.

शिकार तिच्या रक्तात होती, ती वापरण्याची रीत तेवढी शिकावयाची होती. हळूहळू ती स्वतः जनावरे मारू लागली. एकदा तिने नदीच्या धारेत एक रानरेडा गाठला आणि खडकांत अडकलेल्या त्या प्रचंड जनावरास ती बुडवीत असता नूरू काठावरून घसरत खाली आला. तो धर्मनिष्ठ मुसलमान. रेड्याचा प्राण जाण्यापूर्वी गळ्यावरून सुरी फिरली तर ते मांस आपल्या लोकांस खाता येईल, एवढाच त्याचा हेतू. भक्ष्यावर बसलेल्या सिंहिणीच्या तोंडाजवळ सुरी घेऊन जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. एल्साने प्रथम गुरगुरून इशारा दिला. नूरू तिच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहिला. आणि ज्याच्या अंगावर ती लहानपणी खेळली होती त्या माणसास तिने आपल्या शिकारीला हात लावू दिला. त्याचे काम होताच ती पुन्हा रेड्याकडे वळली. जॉयच्या गळ्यात पडणाऱ्या एल्साची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. त्या सर्वांहून मला हा प्रसंग अधिक बोलका वाटतो, कारण सिंहाच्या जगात स्नेहाची परीक्षा भक्ष्यावर होते, आणि तेथे सख्ख्या बहिणीही एकमेकींना पंजा मारल्यावाचून राहत नाहीत.

पुढे तिचे रानातल्या नराशी सूत जुळले आणि १९५९ च्या डिसेंबरात, साडेतीन महिन्यांच्या गर्भावधीनंतर, ती खडकाळ टेकडीत कोठेतरी व्याली. कोठे, ते तिने कळू दिले नाही. ती मधूनमधून छावणीवर येई, खाई, डोके घासून स्नेह व्यक्त करी, आणि मागावर कोणी येत आहेसे वाटले की मुद्दाम वाट चुकवून पिलांकडे जाई. जॉयच्या जिवाची घालमेल झाली. लेकीने नातवंडे लपवावीत याचा तिला विषादही वाटला असेल. आणि मग, सुमारे सहा आठवडे लोटल्यावर, फेब्रुवारी १९६० च्या आरंभी एके दिवशी एल्सा नदीच्या पलीकडच्या तीरावर येऊन उभी राहिली आणि तिच्यामागे तीन छावे होते. ती त्यांना घेऊन नदी ओलांडून माणसांपाशी आली.

ज्याने ज्याने ही हकीकत वाचली त्याचा कंठ या ठिकाणी दाटून आला, आणि कृतज्ञ लेकुरवाळी लेक पिलांना आजी-आजोबांच्या पायांवर घालावयास आली, असा त्याने अर्थ लावला. परंतु शालरप्रभृतींच्या निरीक्षणांच्या प्रकाशात हा प्रसंग पाहिला तर तो उणा न ठरता अधिकच नवलाचा ठरतो. रानातली कोणतीही सिंहीण प्रसूतीच्या वेळी कळप सोडून एकटी दूर जाते, पिलांना दाट झुडपात वा कपारीत दडविते, त्या अवधीत कळपाकडे ये-जा ठेवते परंतु पिलांचा ठावठिकाणा लागू देत नाही. आणि पिले सहा ते आठ आठवड्यांची होऊन चालू लागली म्हणजे त्यांना कळपात आणून इतरांशी त्यांची ओळख करून देते. एल्साने यात तिळमात्र फरक केला नाही. जन्माच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून जिने सिंहांचा कळप पाहिलेला नव्हता, तिने सिंहांच्या शिरस्त्याप्रमाणे पिलांना कळपात आणले. फक्त तो कळप दोन गोऱ्या माणसांचा, काही आफ्रिकी नोकरांचा आणि एका तंबूचा होता. आपण जिला कृतज्ञता म्हणतो ती तिला ठाऊक होती की नाही, ते कसे सांगावे? आपले कोण हे मात्र तिला ठाऊक होते.

आणि ॲडमसनांनी येथे एक मोठा विवेक दाखविला. छाव्यांना हात लावावयाचा नाही असा त्यांनी नियम केला, आणि तो बव्हंशी पाळला. जेस्पा, गोपा व धाकटी एल्सा अशी त्यांची नावे; यांतील गोपा हे नाव मराठी कानास गोकुळातले वाटले तरी ते स्वाहिली भाषेतील भीती या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. जेस्पा थोडा जवळ येई. दुसरे दोघे तंबूच्या उजेडाबाहेरच राहत. आई माणसांच्या मांडीवर डोके ठेवून पडलेली आणि मुले दहा हातांवरून संशयाने पाहणारी, अशी ती स्थिती होती. याच वर्षी जॉयचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध होऊन एल्साचे नाव जगभर झाले, आणि बीबीसीसाठी तरुण डेव्हिड ॲटनबरो छायाचित्रण करण्यास छावणीवर येऊन गेला.

परंतु कळपाचे काम नुसते डोके घासण्याचे नसते. हद्द राखणे हे त्याचे मुख्य काम, आणि दोन माणसांचा कळप ते करू शकत नव्हता. शेजारच्या हद्दीतील एक आक्रमक सिंहीण एल्सावर वारंवार चालून येई. एल्सा जखमी होऊन मागे सरे. बहिणी पाठीशी असत्या तर चित्र वेगळे झाले असते. पण त्या रॉटरडॅमला होत्या. दुसरीकडून माणसांचाही विरोध उठला. जवळपासच्या वस्त्यांची गुरे-शेळ्या, माणसाची भीती नसलेली सिंहीण, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या देशातले तापलेले राजकारण या सर्वांचा परिणाम असा झाला की, एल्सास व तिच्या पिलांस तेथून हलवावे, असा हुकूम स्थानिक जिल्हा मंडळाकडून आला. तो हुकूम अन्यायाचा होता असे मला वाटत नाही. ज्याची शेळी गेली त्याने सिंहिणीचे चरित्र वाचलेले नसते. नवी जागा शोधण्याची आणि परवानग्या मिळविण्याची धावपळ चालू असतानाच एल्सा आजारी पडली. जॉय त्या वेळी नैरोबीस होती. शेवटच्या रात्री जॉर्ज एकटा तिच्यापाशी होता. २४ जानेवारी १९६१ रोजी ती मरण पावली. वय पुरते पाच वर्षांचेही नव्हते. गोचिडीवाटे शिरणाऱ्या, हिवतापाच्या जंतूंप्रमाणे रक्तातील तांबड्या पेशी फोडणाऱ्या बबेसिया या सूक्ष्म जीवाने तिचा बळी घेतला, असे रक्ताच्या तपासणीत निष्पन्न झाले. ऊरा नदीच्या काठी एका झाडाखाली तिला पुरण्यात आले.

१९६६ साली तिच्या कथेवरचा इंग्रजी चित्रपट निघाला आणि त्यातील सिंहांपैकी काहींना रानात सोडण्याचे काम जॉर्जने पत्करले. या पुढच्या प्रयोगांनी स्नेहाची दुसरी बाजूही दाखविली. त्यांपैकी बॉय नावाच्या सिंहाने १९७१ साली कोरा येथील छावणीत जॉर्जच्याच एका मदतनिसाचा जीव घेतला, आणि जॉर्जला आपल्या हाताने त्यास गोळी घालावी लागली. लंडनच्या एका दुकानातून विकत घेतलेला आणि पुढे रानात सोडण्यासाठी जॉर्जकडे आणलेला ख्रिश्चन नावाचा सिंह त्याच वर्षी आपल्या जुन्या पालकांच्या गळ्यात पडताना चित्रित झाला. ते दृश्य आजही लोक डोळे पुसत पाहतात. तो नर होता. नराच्या धर्माप्रमाणे तो दूर दूर फिरू लागला आणि १९७३ नंतर परत आला नाही. माणसाने वाढविलेला सिंह माणसास ओळखतो हे खरे. पण तो एका माणसास ओळखतो, मनुष्यजातीस नव्हे, आणि माणसाची भीती मात्र तो साऱ्या मनुष्यजातीपुरती गमावून बसतो. धोका आहे तो या विषमतेत. आपल्याकडे हेमलकशास प्रकाश आमटे यांच्या अंगणात वाढलेल्या नेगल या बिबट्याची कथा विलास मनोहर यांनी लिहिली आहे, ती ज्यांनी वाचली असेल त्यांस हे निराळे सांगावयास नको. बोट्स्वानात २०१२ साली जन्मलेली आणि व्हॅलेंटिन ग्रूनर याने हाताने वाढविलेली सिर्गा नावाची सिंहीण शिकार करते, त्याच्या गळ्यात पडते, परंतु कुंपणातल्या राखीव रानाबाहेर तिला सोडण्यात आलेले नाही. इतर माणसांस तिच्यापासून दूरच ठेवले जाते. एल्साच्या अनुभवातून निघालेला तो शहाणपणा आहे. उलट, दक्षिण आफ्रिकेत प्रवाशांनी कुरवाळावेत म्हणून जन्मतःच आईपासून तोडलेले छावे वाढविण्याचा आणि ते मोठे झाल्यावर पैसेवाल्या शिकाऱ्यांपुढे कुंपणात उभे करण्याचा जो व्यापार फोफावला, त्यास या कथेचा आधार घेता येणार नाही. तेथे छाव्यास गोंजारून छायाचित्र काढवून घेणाऱ्या प्रवाशाने, आणि त्यात हल्ली आपलेही लोक असतात, आई कोठे आहे एवढे विचारावे.

एल्सा गेल्यावर तिच्या पोरक्या पिलांनी शिकारीचे पुरते शिक्षण न झाल्यामुळे शेळ्यांवर हात मारण्यास सुरुवात केली. जेस्पाच्या अंगात बाणाचे पाते रुतले. अखेर तिघांना पिंजऱ्यांत पकडून मे १९६१ मध्ये शेकडो मैलांवरच्या सेरेंगेटीत नेऊन सोडण्यात आले. मुक्कामाची परवानगी संपल्यावर ॲडमसनांना छावणी उठवावी लागली. परंतु जॉर्जने सरकारी नोकरी सोडली आणि त्या अफाट मैदानांत सुमारे दीड वर्ष तो पिलांचा शोध घेत हिंडला. जेस्पा व गोपा पुन्हा दिसले नाहीत. धाकटी एल्सा दिसली. ती धडधाकट होती, आणि तिच्याबरोबर रानातलेच दुसरे दोन सिंह होते.